दाव्यातली चोवीस गाणी

2007 सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या डलूथ या शहरात ज्यूरीपुढे एक यादी ठेवली गेली. यादीत चोवीस गाणी होती. गन्स एन रोझेस, ग्रीन डे, ग्लोरिया एस्टेफान, शेरिल क्रो, रिचर्ड मार्क्स अशी नावे तिच्यात एकाखाली एक आली होती. कोणा मध्यमवर्गीय अमेरिकन घरात मागच्या वीसेक वर्षांत रेडिओवरून जे ऐकू आले असेल, त्याचाच तो एक तुकडा होता. प्रतिवादी बाईच्या संगणकावरचा एक फोल्डर काझा या प्रणालीतून साऱ्या जगाला खुला होता आणि त्यात सतराशेहून अधिक फाइली होत्या, असे रेकॉर्ड कंपन्यांचे म्हणणे होते. दाव्यापुरत्या त्यांतल्या चोवीस निवडल्या गेल्या. 4 ऑक्टोबरला ज्यूरीने गाण्यामागे 9,250 डॉलर, म्हणजे एकूण 2,22,000 डॉलर भरपाई ठरवली.

संगीताच्या इतिहासात या यादीला कोणी जागा देणार नाही. तरीही मला ती वाचण्याजोगी वाटते. सतराशेतून चोवीस उचलणे हे संपादकाचे काम आहे, फक्त इथे ते वकिलांनी केले आहे. त्यांचा निकष आवडीचा नव्हता, मालकी सिद्ध करण्याचा होता. गाणी ऐकणारी जी होती ती प्रतिवादी झाली होती, आणि ती रचणारे यादीत नावापुरते उरले होते. या संकलनात गाणे म्हणजे नेमके काय मानले आहे, आणि ते कोणाच्या नावाने मांडले आहे, हे दोन प्रश्न साहित्याच्या वाचकालाही टाळता येण्याजोगे नाहीत. पुस्तकांच्या बाबतीत ते आपल्या दारी येऊन गेले आहेतच.

आधी हा सारा मामला कसा उभा राहिला ते पाहू. 1999 मध्ये नॅप्स्टर निघाले आणि एकाच्या संगणकावरचे गाणे दुसऱ्याला उतरवून घेता येऊ लागले. कंपन्यांनी नॅप्स्टरवर दावा लावला, 2001 मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने गेला आणि ती सेवा बंद पडली. पण तोवर लोकांना वाट सापडली होती. काझासारख्या प्रणालींना मध्यवर्ती यादीची गरजच नव्हती. मग कंपन्यांच्या संघटनेने मोर्चा वळवला तो थेट ऐकणाऱ्यांकडे. 8 सप्टेंबर 2003 रोजी एकाच दिवशी 261 जणांवर दावे दाखल झाले. न्यूयॉर्कमधली बारा वर्षांची एक मुलगी त्यांत सापडली आणि तिच्या आईने 2,000 डॉलर देऊन प्रकरण मिटवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अपील न्यायालयाने ठरवले की न्यायाधीशाने पाहिल्याशिवाय निघणाऱ्या समन्सवर इंटरनेट कंपन्यांकडून ग्राहकांची नावे मागता येणार नाहीत. तेव्हा पुढचे दावे ‘जॉन डो’वर, म्हणजे आपल्या अमक्या-तमक्यावर, दाखल होऊ लागले. आधी दावा, मग त्या दाव्याच्या जोरावर नावाचा शोध, मग घरी तडजोडीचे पत्र, असा क्रम ठरून गेला. तडजोड बहुधा तीन ते पाच हजार डॉलरांत होई. 2005 मध्ये तर वेस्ट व्हर्जिनियातल्या एका मयत वृद्धेच्या नावानेही दावा लागला होता. 2008 च्या डिसेंबरात संघटनेने ही मोहीम थांबवत असल्याचे जाहीर केले, तोवर सुमारे 35,000 लोकांपर्यंत ती पोचली होती. ज्यूरीपुढे निकालापर्यंत गेलेली प्रकरणे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

कंपन्यांची तक्रार पोकळ होती असे नाही. अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल 1999 मध्ये सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर होती, ती दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. स्टुडिओतले तंत्रज्ञ, साथीदार, दुकानदार अशा अनेकांचे पोट त्या पैशावर होते. अर्थात घसरणीला कारणे आणखीही होती. एका गाण्यासाठी बारा गाण्यांची तबकडी घ्यायला लावण्याची सवय 2003 मध्ये सफरचंदवाल्या कंपनीच्या आयट्यून्स दुकानाने मोडली, तिथे एक गाणे 99 सेंटला मिळू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी आणि काही विक्रेत्यांनी, तबकड्यांच्या किमती संगनमताने चढ्या ठेवल्याच्या आरोपावरून राज्य सरकारांशी तडजोड केली होती. आरोप मान्य न करता त्यांनी 6 कोटी 74 लाख डॉलर रोख आणि साडेसात कोटींहून अधिक किमतीच्या तबकड्या देण्याचे कबूल केले. म्हणजे ऐकणाऱ्याच्या खिशाशी त्यांचे नाते तक्रारीच्या आधीपासूनच फारसे निर्मळ नव्हते.

या भांडणात दोन्ही बाजूंनी जे शब्द वापरले ते तपासून पाहण्यासारखे आहेत. कंपन्या सतत ‘चोरी’ म्हणत राहिल्या. चोरी हा फौजदारी शब्द आहे. हे दावे दिवाणी होते. कायद्याच्या पुस्तकात या कृत्याला हक्काचा भंग म्हटले आहे, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच, एल्व्हिस प्रेस्लीच्या बेकायदा तबकड्यांच्या एका खटल्यात, कॉपीराइटचा भंग आणि मालाची चोरी या गोष्टी सरळ एक मानता येत नाहीत असे सांगितले होते. फौजदारी शब्दाचा कलंक आणि दिवाणी दाव्याची पैशातली भरपाई या दोन्ही गोष्टी कंपन्यांना एकदम हव्या होत्या. चोरीचा आरोप सिद्ध करायला लागणारा कडक पुरावा मात्र त्यात द्यावा लागत नव्हता.

दुसऱ्या बाजूचा शब्द होता ‘शेअरिंग’. आपण त्याला वाटून घेणे म्हणतो, आणि या क्रियापदाला आपल्याकडे फार चांगला वास आहे. भाकरी वाटून घेतात, काम वाटून घेतात. पण भाकरी वाटली की देणाऱ्याच्या वाट्याची कमी होते, आणि ती कमी होते म्हणूनच त्या देण्याला मोल येते. काझातल्या फोल्डरमध्ये देणाऱ्याचे काही कमी होत नव्हते. घेणारा कोण हे त्याला ठाऊक नव्हते. पुष्कळदा आपण देत आहोत याचीही त्याला जाणीव नव्हती, कारण उतरवून घेतलेली फाइल आपोआप पुढे खुली होई. मैत्रिणीला आपण कॅसेट भरून देत होतो तेव्हा गाण्यांचा क्रम लावत होतो, वरच्या कागदावर नावे लिहीत होतो. ते वाटून घेणे होते. लाखो अनोळखी माणसांना उघडे पडलेल्या कपाटाला तोच शब्द लावणे ही सोयीस्कर भावुकता आहे. चोरीचा शब्द जितका खोटा, तितकाच हाही अपुरा.

कायद्याला मात्र या कपाटाचे काय करायचे हे लवकर कळेना. नुसते कपाट उघडे ठेवले म्हणजे वितरण झाले का? डलूथच्या पहिल्या खटल्यात न्यायाधीश मायकेल डेव्हिस यांनी ज्यूरीला तसे सांगितले होते. पुढे त्यांना स्वतःलाच ते चुकीचे वाटले, आणि 2008 च्या सप्टेंबरात त्यांनी तो निकाल बाजूला ठेवून नव्या सुनावणीचा हुकूम दिला. प्रत्यक्षात त्या फोल्डरमधून गाणी उतरवून घेतल्याचे जे दाखवता येत होते ते कंपन्यांनीच नेमलेल्या मीडियासेन्ट्री या संस्थेच्या तपासनीसांनी केले होते. दाव्यात सिद्ध झालेला श्रोता एकच, आणि तो वादीचा पगारी.

मग त्या चोवीस गाण्यांचा प्रवास सुरू झाला. 2009 च्या जूनमध्ये दुसऱ्या ज्यूरीने त्याच गाण्यांसाठी 19 लाख 20 हजार डॉलर ठरवले, गाण्यामागे 80,000. डेव्हिस यांना हा आकडा राक्षसी वाटला आणि त्यांनी तो 54,000 वर आणला. कंपन्यांनी ते मानले नाही. 2010 च्या नोव्हेंबरात तिसऱ्या ज्यूरीने 15 लाख सांगितले, न्यायाधीशांनी पुन्हा 54,000 केले. 2012 मध्ये अपील न्यायालयाने पहिल्या ज्यूरीचा 2,22,000 हा आकडा परत आणला, आणि 2013 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायचे नाकारले. तिकडे बॉस्टनमध्ये एका विद्यार्थ्यावर तीस गाण्यांसाठी 6,75,000 डॉलरचा निकाल झाला. न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी तो दहा पटींनी उतरवला, अपील न्यायालयाने उतरवलेला आकडा रद्द केला आणि शेवटी मूळ रक्कमच कायम राहिली. डेव्हिस आणि गर्टनर या दोघांनी ठरवलेला दर मात्र तंतोतंत एकच होता, गाण्यामागे 2,250 डॉलर. कायद्यातली किमान भरपाई 750, तिची तिप्पट.

एकच गाणे 99 सेंटला, 2,250 डॉलरला, 9,250 डॉलरला आणि 80,000 डॉलरला. हा गोंधळ ज्यूरींच्या लहरीचा नव्हे. अमेरिकेच्या कायद्यात प्रत्यक्ष नुकसान न दाखवताही कृतीमागे 750 पासून 30,000 डॉलरपर्यंत, आणि जाणूनबुजून केले असल्यास दीड लाखापर्यंत भरपाई मागता येते. धंदा म्हणून नकला छापणाऱ्याला जरब बसावी हा त्या तरतुदीचा मोठा उपयोग. तोच आकडा घरी बसून गाणी ऐकणाऱ्याला लावला की त्याचा नुकसानाशी संबंध सुटतो आणि तो नुसता दरारा होतो. नफ्याचा हेतू नसलेल्या माणसाला अशी भरपाई लावू नये, कायदा बदलावा, अशी विनंती डेव्हिस यांनी आपल्या निकालपत्रातच काँग्रेसला केली. ती कोणी ऐकली नाही.

या दोन प्रतिवादींना नायक करण्याचे कारण नाही. बॉस्टनच्या विद्यार्थ्याने आधी शपथेवर नाकारलेली गोष्ट ज्यूरीपुढे उभा राहिल्यावर कबूल केली. डलूथच्या खटल्यात तीन वेगवेगळ्या ज्यूरींनी बाईंचे म्हणणे मानले नाही. विद्यार्थ्याच्या बाजूने हार्वर्डचे प्राध्यापक चार्ल्स नेसन उभे राहिले आणि त्यांनी या प्रकरणाचे एका मोठ्या तात्त्विक वादात रूपांतर करू पाहिले, पण अशिलाला त्याचा उपयोग झाला नाही. न्यायालयाने नियम मोडला की नाही एवढेच पाहिले, आणि नियम मोडला होता. माझा आक्षेप निकालाला नाही. ज्या नावाने तो मागितला गेला, त्या नावाला आहे.

दावे लावताना कंपन्यांनी लोकांपुढे सतत कलावंताचे नाव घेतले. गाणे बनवणाऱ्याला त्याचे मोल मिळाले पाहिजे, हे वाक्य कोण नाकारील? पण दावापत्र नीट वाचले तर कायद्याच्या लेखी ती चोवीस ‘गाणी’ नव्हतीच, ती चोवीस ध्वनिमुद्रणे होती. कायदा गाण्याचे दोन तुकडे करतो. शब्द आणि चाल ही एक कृती, तिचे ध्वनिमुद्रण ही दुसरी. दावा दुसऱ्या कृतीबद्दल होता, कारण कंपन्यांकडे हक्क होता तो तिचा. ज्याने शब्द लिहिले तो कवी, निव्वळ कवी म्हणून, या दाव्यात पक्षकारच नव्हता. गायकाचीही स्थिती फार वेगळी नव्हती. भरपाई वादीला, म्हणजे कंपनीला. तिच्यातून गायकाला काय द्यायचे हा त्या दोघांतल्या कराराचा प्रश्न, न्यायालयाचा नव्हे.

आणि त्या करारांचा इतिहास फार जुना नाही. ज्या 1999 साली नॅप्स्टर निघाले त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, उपग्रह दूरचित्रवाणीविषयीच्या एका लांबलचक कायद्यात, ध्वनिमुद्रणे ही ‘मजुरीवर करवून घेतलेले काम’ ठरू शकतील अशी एक ओळ घुसवली गेली होती. तसे झाले तर कलावंताला काही दशकांनी आपले हक्क परत मागण्याची वाट बंद होणार होती. गायक-वादकांनी ओरड केली तेव्हा, 2000 मध्ये, ती ओळ काढावी लागली. इकडे कलावंताच्या नावाने श्रोत्याकडे बोट आणि तिकडे कलावंताच्याच हक्काच्या ओळीवर लेखणी, हे दोन्ही अवघ्या काही वर्षांच्या अंतराने घडले.

ज्यांचे नाव घेतले जात होते त्यांनी काय म्हटले? सगळ्यांनी एकच म्हटले नाही, हे नोंदवले पाहिजे. मेटॅलिका या बँडने 2000 मध्ये स्वतः नॅप्स्टरवर दावा लावला आणि आपली गाणी देणाऱ्या तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची यादी कंपनीच्या दारात नेऊन ठेवली. लोकांनी त्यांची थट्टा केली, पण ते स्वतःच्या नावाने बोलले, आणि त्या बोलण्यात प्रामाणिकपणा होता. उलट, डलूथच्या यादीत ज्याचे गाणे होते तो रिचर्ड मार्क्स 2009 चा निकाल ऐकून म्हणाला की आपले नाव या प्रकरणाशी जोडले गेल्याची आपल्याला लाज वाटते. चोवीसांतल्या एकाने तरी आपली सही परत मागितली.

सहीचा हा प्रश्न मराठी वाचकाला एका जुन्या ठिकाणी घेऊन जातो. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते. सतराव्या शतकात देहूला तुकारामांच्या हयातीतच सालोमालो नावाचा एक गृहस्थ त्यांचे अभंग स्वतःच्या नाममुद्रेने म्हणत असे, असे परंपरा सांगते, आणि त्याच्यावरचे म्हणून ओळखले जाणारे अभंग गाथेत आहेत. त्यांतला राग तिखट आहे. पण तो अभंग गाणाऱ्यांवर नाही, उतरवून घेणाऱ्यांवर तर नाहीच. उतरवून घेणाऱ्यांत संताजी जगनाडे होते, आणि त्यांच्या वह्यांमुळे तुकारामांचे शब्द टिकले अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. एकाच रचनेशी तीन प्रकारची नाती इथे दिसतात. गाणारा टाळकरी, लिहून घेणारा संताजी आणि नाव पुसणारा सालोमालो. तुकारामांचे भांडण तिसऱ्याशी होते. तुकारामांचे पोट अभंगांच्या विक्रीवर नव्हते, म्हणून आजच्या गीतकाराला हे उदाहरण जसेच्या तसे लावणे अन्यायाचे होईल. त्याला नावही हवे आणि दामही हवा. तरी एवढे त्यातून घेता येते की नक्कल करणे आणि नाव वापरणे हे दोन वेगळे अपराध आहेत. काझावाल्यांनी नक्कल केली. रिचर्ड मार्क्सची तक्रार मात्र नाव वापरणाऱ्यांबद्दल होती.

हा प्रश्न आपल्या दारी येऊन गेला असे वर म्हटले, ते दिल्लीच्या प्रकरणामुळे. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून तिथे संच काढून मिळत. इथेही वादींनी लेखकांच्या हिताचा हवाला दिला. आणि इथेही, ज्यांची पुस्तके दावापत्रात होती अशा काही लेखकांनीच, शेकडो अभ्यासकांबरोबर सही करून, दावा मागे घ्या असे प्रकाशकांना कळवले. 2016 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, समाजाच्या ज्ञानवाढीसाठी कायद्याने दिलेला तो हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबरात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, पण 2017 च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

त्याच 2012 साली संसदेने कॉपीराइटच्या कायद्यात एक दुरुस्ती केली. चित्रपटातल्या गाण्याचे गीतकार आणि संगीतकार यांना, चित्रपटगृहाबाहेर त्या गाण्याचा जो वापर होईल त्याच्या रॉयल्टीत समान वाटा मिळेल, आणि तो वाटा त्यांना करारानेसुद्धा सोडून देता येणार नाही, असे त्यात आहे. राज्यसभेत तिची बाजू मांडणाऱ्यांत जावेद अख्तर होते, म्हणजे या वेळी कवी सभागृहात हजर होता. हक्क आहे पण तो सही करताना हातातून जातो, हा गीतकारांचा जुना अनुभव या तरतुदीमागे आहे. अंमलबजावणीत भांडणे आहेत आणि होत राहतील. पण लेखकाचे हित म्हणजे काय, याचे एक तपासता येण्याजोगे उत्तर तिथे लिहिलेले आहे. पस्तीस हजार अमेरिकन घरांना गेलेल्या पत्रांत ते नव्हते.

त्या चोवीस गाण्यांतली बहुतेक आता महिन्याच्या वर्गणीत कोणालाही ऐकता येतात. डलूथच्या खटल्यातून जे शिल्लक राहिले ते एवढेच, की दोन लाख बावीस हजार डॉलरांचा एक हुकूम आणि त्याखाली जोडलेली एक यादी. यादीच्या एका स्तंभात कंपनीचे नाव, दुसऱ्यात गायकाचे, तिसऱ्यात गाण्याचे. शब्द कोणाचे, यासाठी स्तंभच नाही. उद्या कोणी प्रकाशक किंवा कंपनी लेखकांच्या वतीने वाचकावर दावा लावील तेव्हा मी त्या कागदात प्रथम तो स्तंभ शोधीन.